ग्राहक भांडाराचे खरेदी-अंदाजपत्रक

गावातील सहकारी ग्राहक भांडार अडचणीत येण्यासाठी गिऱ्हाईक तुटावेच लागते असे नाही. न खपणाऱ्या मालात भांडवल अडकून पडले, की ऐन दिवाळीच्या तोंडावर रवा, साखर, तेल आणावयास पैसा उरत नाही. हा पैसा सभासदांचा असल्याने खरेदी अंदाजाने नव्हे, तर अंदाजपत्रकाने व्हावयास हवी.

आरंभ विक्रीच्या अंदाजापासून करावा. गतवर्षीच्या त्याच महिन्याची विक्री, सणवार, लग्नसराई, पीकपाणी व बदललेले भाव यांवरून तो बांधता येतो. त्यातून ढोबळ नफा वजा केला म्हणजे विकल्या जाणाऱ्या मालाची मूळ किंमत कळते. या किमतीत वाहतूक व हमाली धरावी. मात्र १०० रुपयांची वस्तू ११० रुपयांस विकली, तर नफा विक्रीच्या १० टक्के नसून सुमारे ९ टक्केच असतो, हे ध्यानात ठेवावे.

खरेदीचे सूत्र सोपे आहे : विकल्या जाणाऱ्या मालाची मूळ किंमत, अधिक महिनाअखेर हवा असलेला साठा, उणे आरंभीचा साठा.

समजा, एका भांडाराची महिन्याची अपेक्षित विक्री १,५०,००० रुपये असून ढोबळ नफा विक्रीच्या १० टक्के आहे. म्हणजे मालाची मूळ किंमत १,३५,००० रुपये झाली. पुढील महिना दिवाळीचा असल्याने अखेरीस ७२,००० रुपयांचा साठा हवा. आरंभीचा साठा ६०,००० रुपयांचा आहे. तेव्हा खरेदी १,४७,००० रुपयांची करावी लागेल. हीच आकडेमोड वस्तुवार केल्यास कोणता माल किती आणावा, हेही ठरते.

महिना संपल्यावर खरी परीक्षा होते. विक्री व खरेदी ठरल्याप्रमाणे झाली. परंतु मोजणीत माल ६६,००० रुपयांचाच भरला. आरंभीचा साठा व खरेदी मिळून २,०७,००० रुपये होतात. त्यातून ६६,००० वजा जाता मूळ किंमत १,४१,००० रुपये येते. ढोबळ नफा १५,००० नव्हे, तर ९,००० रुपयेच झाला. मोजणी न करता वहीतील ७२,००० हाच आकडा धरला असता, तर न झालेला ६,००० रुपयांचा नफा कागदोपत्री दिसला असता.

ही तूट उंदीर-घुशींनी केली, मापात गेली, की नोंद न केलेल्या उधारीत, याचा शोध त्याच महिन्यात लागू शकतो. वर्षअखेरीस लेखापरीक्षणाच्या वेळी तो अवघड होतो. म्हणून दरमहा दोन संचालकांनी व्यवस्थापकासमवेत माल मोजून नोंदवहीवर सह्या कराव्यात. खराब माल वहीतील किमतीस न धरता, विकून जेवढे मिळतील तेवढ्यासच धरावा.

शाळेच्या वस्तुभांडारातही शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असा हिशेब करवून घ्यावा. आज वह्या-पेन्सिली मोजणारे हात उद्या गावाचे भांडार सांभाळतील.