घोषणा आणि प्रत्यक्ष खेळ

प्रश्न : नव्या खेळाची घोषणा ऐकून मुलाने कन्सोलचा हट्ट धरला आहे. घ्यावा का?
– एक पालक, लातूर

उत्तर : घोषणा हा करारनामा नव्हे, केवळ संकल्प. निन्टेंडोने २०१७ साली जाहीर केलेल्या, २०१९ मध्ये मुळापासून पुन्हा आरंभलेल्या 'मेट्रॉइड प्राइम ४'ची वाट पाहणारा पाचवीतला मुलगा, तो खेळ डिसेंबर २०२५ मध्ये येईतो, बारावीही ओलांडून गेला असेल. म्हणून सधन निर्मात्यांनी काम पूर्णत्वास आल्यावरच तारीख सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्ससारख्या छोट्या निर्मात्यांना मात्र 'राजी' या खेळासाठी २०१७ मध्येच लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले, खेळ आला २०२० मध्ये. तेव्हा घोषणेवर विसंबू नका. आज दुकानात मिळणारे खेळ चिरंजीवांना आवडत असतील तरच कन्सोल घ्या. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी परताव्याची शर्त पावतीवर लिहून घ्या.