झोपेत दात खाणे : समजुती आणि दातांची झीज

आमच्या विहारात दंततपासणीचे शिबिर भरले होते. त्या दिवशी एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. नाव नोंदवून झाल्यावर त्यांनी आम्हां कार्यकर्त्यांना बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबांनो, पोरगी झोपंत दात खाती. करकर आवाज पार बाहेरच्या खोलीत येतो. शेजारीण म्हणती, हे घराला चांगलं न्हाई." वर्षभरात मुलीला तीन वेळा जंताचे औषध दिले होते. गळ्यात काळा दोराही होता. ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, त्याच घरात तो दोरा बांधला गेला होता. आजींना आम्ही दोष देत नाही. ज्या गोष्टीचे कारण कोणी समजावून सांगितलेले नसते, तिथे भीती अशीच शिरते. म्हणून समाजबांधवांसाठी व विशेषतः विद्यार्थ्यांसाठी हा विषय थोडा सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही गोष्ट नवी नाही. पाली जातकांच्या प्रास्ताविकात, म्हणजे निदानकथेत, सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या रात्रीचे वर्णन आहे. नर्तकी थकून झोपलेल्या आहेत. कोणाची लाळ गळते आहे, कोणी घोरते आहे, कोणी झोपेत बरळते आहे आणि कोणी दात खाते आहे. पालीतला शब्दप्रयोग आपल्या मराठीसारखाच आहे, शब्दशः 'दात खाणे' असाच. गृहत्यागाची ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेला तंटा हे कारण त्यांनी आपल्या ग्रंथात मांडले, आणि आम्हीही तेच मानतो. परंतु ज्याने ते वर्णन लिहिले, त्याने झोपलेली माणसे नीट पाहिली होती यात शंका नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घोरणे, बरळणे, लाळ गळणे यांच्याच ओळीत त्याने दात खाणे बसविले आहे. शकुन-अपशकुनाचा तिथे मागमूसही नाही.

झोपेत काय घडते?

झोप रात्रभर सारखी खोल नसते. ती कमी-अधिक होत राहते, आणि मधूनमधून मेंदू काही सेकंदांपुरता जागृतीच्या काठावर येऊन परत झोपेत बुडतो. आपल्याला याची आठवण राहत नाही. अशा क्षणी आधी मेंदूची हालचाल वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात आणि त्यामागोमाग जबडा मिटविणारे स्नायू साधारण सेकंदाला एक या लयीत आवळू लागतात. पुष्कळदा शेवटी माणूस आवंढा गिळतो. वरचे व खालचे दात एकमेकांवर घासले गेले की तो ओळखीचा करकर आवाज येतो. काही जण मात्र न घासता नुसतेच दात आवळून धरतात. त्यांचा आवाज येत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. हे बहुतांशी हलक्या झोपेत घडते. स्वप्नातल्या रागाने माणूस दातओठ खातो, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

लोकांना विचारून केलेल्या पाहण्यांत प्रौढांमध्ये याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळले आहे. मुलांत ते पुष्कळ अधिक असते. वयाबरोबर ते उतरत जाते आणि साठीनंतर ३ टक्क्यांच्या आसपास येते. २०१८ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन असे ठरविले की, एरवी निरोगी असलेल्या माणसात याला रोग म्हणू नये. ही स्नायूंची एक क्रिया आहे आणि तिच्यापासून काहींना इजा होऊ शकते, एवढेच म्हणावे.

मग कारण कोणते? एकच असे कारण नाही. काही घराण्यांत ते अधिक दिसते. मनावरील ताण, परीक्षेची वा नोकरीची चिंता, तंबाखू, मद्य, रात्री उशिरा घेतलेला चहा-कॉफी यांनी ते वाढते. उदासीनतेवरील काही औषधांनीही ते सुरू होते, परंतु तेवढ्यासाठी औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. जंतांविषयी म्हणाल तर शाळेत व अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी मुलांना अवश्य द्यावी. ती जंतांसाठी चांगली आहे. दात खाणे तिने थांबेल असा भरवसा मात्र देता येत नाही.

दाताचे काय होते?

दाताच्या बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर भरते. त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते, पण झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. त्याच्या आत पिवळसर, पुष्कळ मऊ असे डेंटीन असते व त्याच्याही आत नस.

साध्या चावण्याने दाढेची झीज वर्षाला सुमारे ३० मायक्रॉन होते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी स्वतःच हिशेब करून पाहावा : तीस वर्षांत एक मिलिमीटरही पुरते झिजत नाही. म्हणजे कवच माणसाला जन्मभर पुरेल असेच आहे. परंतु जेवताना दातांच्या मध्ये अन्न असते आणि दातांवर जोर पडतो तो दिवसाकाठी थोडाच वेळ. झोपेत मात्र दातावर दात कोरडा घासतो, कारण झोपेत लाळही कमी सुटते. ज्यांची सवय जोरकस असते त्यांच्या सुळ्यांची टोके प्रथम सपाट होतात, मग पुढचे दात आखूड दिसू लागतात, मग दाढांचे उंचवटे जातात. एकदा डेंटीन उघडे पडले की झीज आणखी वेगाने होते आणि गार पाणी, गोड, आंबट यांनी कळ येते. दाताला चीर जाणे, भरलेले सिमेंट निसटणे, कॅप फुटणे हेही होते. सकाळी जबडा आंबलेला असणे, कानशिलांत दुखणे, गालाचा स्नायू फुगून चेहरा चौकोनी दिसणे या इतर खुणा होत.

येथे एक सावधगिरी हवी. झिजलेला प्रत्येक दात दात खाण्यानेच झिजला असे नाही. दात खाण्याची झीज सपाट, चकाकती असते आणि खालचा दात किंचित सरकवून वरच्याला लावला तर दोन्ही सपाट्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. आंबटाने, म्हणजे शीतपेयांनी किंवा पित्त वर येण्याने झीज झाली असेल तर दाढेवर वाटीसारखे खळगे पडतात. तिसरी झीज खरडण्याची. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, मीठ आणि आपल्या गावागावांतून, वस्त्यावस्त्यांतून आयाबाया अजूनही लावतात ती मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दातांच्या झिजेपेक्षा तोंडाच्या कर्करोगाचे भय तीत मोठे आहे, आणि या एका गोष्टीबद्दल आम्ही भगिनींशी भांडायलाही तयार आहोत. दातांची निगा राखू नये असे कोणी सांगितले नाही. विनयपिटकात भगवंतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभही सांगितले. त्यात मुखाची दुर्गंधी जाणे व अन्नाला रुची येणे हे दोन आहेत.

शिवाय झिजलेला दात ही मागील काळाची नोंद असते. दहा वर्षांपूर्वी दात खाणारा आज खात नसेलही. म्हणून नुसता दात पाहून उपचार ठरवू नये. खोलीतल्या दुसऱ्या माणसाला विचारावे, सकाळच्या दुखण्याचे विचारावे.

आमच्या माहितीतील एका रात्रपाळीच्या कामगाराने याच घाईचा अनुभव घेतला. दात नीट बसत नाहीत म्हणून तुम्ही दात खाता, असे सांगून एका दवाखान्यात त्याच्या चांगल्या दाढा मशीनने घासून 'सारख्या' केल्या गेल्या. पूर्वी तसा समज होता, आज तो टिकलेला नाही. त्याचे दात खाणे थांबले नाही, गेले ते उरलेले एनॅमल. पुढे कर्ज काढून कॅपा बसविल्या, त्यांतली एक वर्षात फुटली. त्याची पत्नी सांगत असे की तो जोरात घोरतो आणि मध्येच श्वास थांबतो. त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. झोपेत श्वास अडण्याचा विकार व दात खाणे काहींमध्ये एकत्र आढळते, आणि दातांपेक्षा त्या श्वासाची तपासणी अधिक निकडीची असते. मुलांमध्ये टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडेनॉइड वाढल्यानेही असे होते.

काय करावे?

मुलांच्या बाबतीत बहुधा काहीच नाही. त्या नातीच्या दुधाच्या दाढा सपाट झाल्या होत्या, पण सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ उंचवट्यांसह शाबूत होती. डॉक्टरांनी ती आजींना आरशात दाखविली आणि मुलगी तोंड उघडे ठेवून झोपते का, घोरते का, एवढेच विचारले. ती घोरत नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, म्हणाले. जबडा वाढत असतो म्हणून अशा वयात सहसा तोंडात काही बसवीत नाहीत. दोरा आजींनी तिथेच सोडला.

मोठ्यांनी दिवसाचे आवळणे आधी सोडावे. पुष्कळ जण अभ्यास करताना, वाहन चालविताना, अगदी आनापानसतीला बसल्यावरही नकळत दातावर दात धरतात. मज्झिमनिकायात भगवंतांनी स्वतःच्या तपश्चर्येच्या दिवसांची हकीकत सांगितली आहे. दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनाला बळाने दडपण्याचा प्रयत्न त्यांनी केला. काखांतून घाम वाहू लागला, शरीर अस्वस्थ झाले, बोधी मात्र त्या वाटेने लाभली नाही. स्वस्थ जबड्याची ठेवण अशी : ओठ मिटलेले, दात दोन-तीन मिलिमीटर सुटे, जीभ सैल. दिवसातून दहा वेळा हे पाहावे. निजण्यापूर्वी तंबाखू, मद्य, चहा टाळावा. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता आधी चूळ भरावी.

झीज वाढत असेल तर दंतवैद्य दातांचे माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचे नाईट गार्ड करून देतात. त्याने दात खाणे बंद होत नाही, पण दाताऐवजी ते झिजते. खाजगी खर्च परवडत नसेल त्यांनी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईत महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात जावे. केसपेपर काढताना चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावी आणि रात्रीचे सांगू शकेल असे घरातले एक माणूस बरोबर असावे. मिळालेले गार्ड रोज सकाळी गार पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन डबीत ठेवावे. गरम पाण्यात टाकल्यास ते वाकडे होते आणि मग नवे माप द्यावे लागते.