कॅमेऱ्याआधी करार वाचा

माझी सगळी नोकरी नगरपरिषदांच्या लेखा विभागात झाली. लेखापालाकडे फाइल येते ती सगळ्यात शेवटी. ठराव झालेला असतो, कार्यादेश गेलेला असतो, खांब उभे राहिलेले असतात आणि ठेकेदाराचा माणूस देयकासाठी टेबलापुढे ताटकळत असतो. गावावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणांबद्दल मला जे काही कळते, ते या देयकांना जोडलेले करारनामे वाचून कळले.

2025च्या डिसेंबरात राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक गावांत वर्षानुवर्षे प्रशासक होता. ठराव करणारा तोच आणि राबवणाराही तोच. त्या काळातले करार आता नव्या नगरसेवकांच्या पदरात पडले आहेत. ओळखीतली तरुण मंडळी विचारतात, ‘‘काका, सीसीटीव्हीच्या फाइलीत बघायचं तरी काय?’’ हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या खिडकीसमोर उद्या खांब उभा राहणार आहे त्यांच्यासाठीही.

दंड कशाला आणि कशाला नाही

मी होतो त्या एका गावात चोऱ्या वाढल्या, तेव्हा कॅमेऱ्यांची मागणी लोकांनीच केली होती आणि ती रास्त होती. निधी जिल्हा नियोजन समितीकडून आला. विषय सभेपुढे आला तो ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली, आणि चर्चेविना मंजूर झाला. चौक, बसस्थानक, बाजारपेठ, तळ्याकाठची बाग असे सगळीकडे कॅमेरे लागले. नियंत्रण कक्ष नगरपरिषदेच्या इमारतीत आणि एक जोडणी पोलीस ठाण्यात.

काही महिन्यांनी बागेतल्या बाकावर बसलेल्या एका मुलीची आणि मुलाची चित्रफीत गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागली. दोघे नुसते बोलत बसले होते. पण मुलीला घरच्यांनी कॉलेजातून काढून मामाच्या गावी धाडले. चित्रफितीच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ स्पष्ट दिसत होती, म्हणजे ती आमच्याच यंत्रणेतून बाहेर पडली होती. कोणी काढली, हे मात्र अखेरपर्यंत कळले नाही. नियंत्रण कक्षात एकच लॉगिन होते. त्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. त्यावर ठेकेदाराची मुले बसत, आमचे शिपाई बसत, ठाण्यातून कोणी आले तर तेही बसत.

मुख्याधिकारी संतापले आणि देयक रोखा म्हणाले. मी करारनामा काढला. दंडाचे परिशिष्ट चांगले लांबलचक होते: कॅमेरा बंद राहिला तर दिवसागणिक इतका दंड, जोडणी तुटली तर इतका, काच पुसली नाही तर इतका. चित्रण बाहेर गेले तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हते. साठवणुकीच्या रकान्यात ‘किमान 30 दिवस’ लिहिले होते. जास्तीत जास्त किती, ते कुठेच नाही. कक्षात बसणारी मुले मूळ ठेकेदाराची नसून पोटठेकेदाराची निघाली, आणि त्यांची नावेसुद्धा आमच्या दप्तरी नव्हती. वकिलांचा अभिप्राय दोन ओळींचा आला: अटीचा भंग झालेला नाही, कारण तशी अटच नाही. देयक अदा करावे लागले.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले. गावकऱ्यांचा खासगीपणा राहणार की जाणार, हे कॅमेरा लागल्यावर ठरत नाही. ते निविदेच्या अटी लिहिल्या जातात तेव्हाच ठरून गेलेले असते.

कायद्याचा आधार कितपत

कायदा अगदीच नाही असे नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरकारला त्यावर मर्यादा घालायची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. पुढे 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सरकारी यंत्रणांना त्यात सवलतीही बऱ्याच आहेत.

पण त्या कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक नगरसेवकाने ध्यानात ठेवावी. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. त्याच्या वतीने काम करणाऱ्या ठेकेदाराची चूक झाली तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणजे उद्या चित्रण फुटले तर नोटीस नगरपरिषदेला येणार. ठेकेदाराला बांधून घ्यायचे तर करारातच बांधून घ्यावे लागेल.

दिव्यांच्या खांबावरचे डोळे

कॅमेऱ्यांच्या फाइलीवर ‘कॅमेरे’ लिहिलेले असते, त्यामुळे ती निदान डोळ्यांत भरते. खरी गोम दिवाबत्ती, सफाई, पार्किंग, पाणीमीटर अशा साध्या सेवांच्या करारांत असते. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. 2016 साली तिथल्या नगर परिषदेने वीज वाचवणाऱ्या ‘स्मार्ट’ पथदिव्यांचा करार मंजूर केला. सुमारे तीन हजार दिव्यांवर संवेदक बसले आणि त्यांत कॅमेरेही होते. वाहतूक मोजण्यासाठी म्हणून लावलेल्या त्या कॅमेऱ्यांचे चित्रण 2018पासून पोलीस तपासासाठी वापरू लागले. ही गोष्ट सर्वसामान्यांना उशिरा कळली. गदारोळ झाला, आणि 2020च्या सप्टेंबरात महापौरांनी यंत्रणा बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा लक्षात आले की दिवे आणि कॅमेरे एकाच वीजजोडणीवर आहेत. कॅमेरे बंद करायचे तर दिवेही घालवावे लागतील. पुढे 2022 साली त्या शहराने अशा प्रत्येक यंत्रणेसाठी आधी जाहीर चर्चा आणि परिषदेची मंजुरी सक्तीची करणारा नियम केला. वरातीमागून घोडे, पण आपल्याला शिकण्यासारखे.

आपल्याकडे हाच प्रकार सफाईच्या ठेक्यांत दिसतो. नागपूर, नवी मुंबईसारख्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. लहान गावांनीही त्यांचा कित्ता गिरवला. मी होतो तिथे एक सफाईवाल्या मावशी पगाराच्या कपातीची चौकशी करायला लेखा विभागात आल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, नाक्यावरच्या संडासला जाऊन आले तर घड्याळात बीट सोडली असं दाखवतं. काढून ठेवलं तर खाडा. आणि चार्जिंगला घरी न्यायचं, म्हणजे मी घरी आहे का लेकीकडं, तेही मुकादमाला दिसतंय.’’ बीटच्या हद्दीची रेघ नकाशावर कोणीतरी ओढलेली, आणि त्या बीटमध्ये बायकांसाठी संडासच नव्हता. यंत्राला त्याचे काय!

पुढची सफाईची निविदा निघाली तेव्हा नव्या मुख्याधिकाऱ्यांनी अटींचा मसुदा आधी लेखा विभागाकडे पाठवला. कामाची वेळ संपली की घड्याळाने स्थळाची नोंद घ्यायची नाही, घड्याळे हजेरी शेडमध्येच चार्ज होतील, आणि कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय निव्वळ यंत्राच्या नोंदीवर पगार कापायचा नाही, अशा अटी आम्ही घातल्या. निविदापूर्व बैठकीत ठेकेदारांनी कुरकुर केली, पण त्या अटींपायी कोणी माघार घेतली नाही. ठेकेदार पैशाच्या अटीवर भांडतो. खासगीपणाची अट लिहिलेली असली तर तो ती पाळतो, आणि लिहिलेली नसली तर आपण होऊन विचारत नाही.

करारात काय शोधावे

*हेतू.* कोणत्या ठिकाणी कोणता कॅमेरा आणि कशासाठी, याची यादी नकाशासह करारात असावी. कॅमेऱ्याच्या टप्प्यात घराची खिडकी किंवा गच्ची येत असेल तर तेवढा भाग चित्रात काळा करण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते. ती वापरणे सक्तीचे करा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राची छापील प्रत कामाच्या देयकाला जोडायला लावा.

*ताबा.* चित्रण आणि नोंदी नगरपरिषदेच्या मालकीच्या, असे नुसते लिहून भागत नाही. मुख्य पासवर्ड कोणाकडे, सर्व्हर कुठे, ठेका संपल्यावर किती दिवसांत सगळे सुपूर्द करून आपल्याकडची प्रत पुसायची, हे लिहा. नाहीतर कुलूप बसवणारा किल्ली खिशात घालून जातो. चित्रण दुसऱ्या कामासाठी वापरायला किंवा विकायला स्पष्ट मनाई हवी.

*नोंद.* प्रत्येक माणसाला वेगळे लॉगिन आणि कोणी काय पाहिले, काय उतरवून घेतले याची आपोआप होणारी नोंद. पोलिसांना चित्रण देताना लेखी मागणीपत्र आणि गुन्हा किंवा स्टेशन डायरीचा क्रमांक घ्या. यात पोलिसांचाही फायदा आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. चिठ्ठीवरच्या पासवर्डने उतरवलेल्या चित्रणावर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवील. ज्या अटींनी लोकांचा खासगीपणा राहतो, त्यांनीच पुरावाही टिकतो.

*मुदत.* ‘किमान’बरोबर ‘कमाल’ही लिहा. मुदत संपली की चित्रण आपोआप पुसले जावे. गुन्ह्याच्या तपासासाठी ठेवायचे तेवढे लेखी आदेशाने बाजूला काढावे.

*वाढीव सोयी.* ‘यंत्रणा भविष्यात अद्ययावत करता येईल’ हे वाक्य दिसले की थांबा. चेहरा ओळखणे, गाड्यांचे नंबर वाचणे या सोयी बऱ्याचदा नवा खांब न लावता, सॉफ्टवेअर बदलून सुरू करता येतात. सर्वसाधारण सभेच्या स्वतंत्र ठरावाशिवाय अशी कोणतीही सोय सुरू करायची नाही, ही ओळ घालून घ्या.

*माणसे आणि दंड.* पोटठेकेदार नेमायचा तर लेखी परवानगी, आणि कक्षात बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव दप्तरी. चित्रण बाहेर गेले तर दंड किती, तो सुरक्षा अनामतीतून कसा वळता होणार आणि नगरपरिषदेला किती तासांत कळवायचे, हे परिशिष्टात असायलाच हवे. 2025च्या एप्रिलपासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारची सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. नव्या खरेदीत ते प्रमाणपत्र मागायला विसरू नका.

केव्हा आणि कसे विचारावे

वेळ साधणे फार महत्त्वाचे. निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर लागली की अटी कोणालाही वाचता येतात. निविदापूर्व बैठकीआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी हरकत दिली, तर शुद्धिपत्रक काढून अट घालता येते आणि त्याला जादा पैसा लागत नाही. कार्यादेश गेल्यावर तीच अट घालायची म्हटले तर ठेकेदार वाढीव दर मागतो.

करार आधीच झाला असेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर दीडशे शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. ‘सीसीटीव्हीबाबत सर्व माहिती’ असे मोघम मागू नका. करारनामा परिशिष्टांसह, दंडवसुलीचा तक्ता आणि चित्रण कोणाकोणाला दिले त्याची नोंदवही, असे नाव घेऊन मागा, किंवा फाइल समक्ष पाहण्याची परवानगी मागा. कायद्यात तीही तरतूद आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर पहिले अपील करा: लोकांच्या पैशाने झालेला अख्खा करारनामा गुपित कसा, आणि त्यातले एखादे पान गुपित असेलच तर तेवढे वगळून बाकीचे कलम 10खाली द्या, असे मांडा. डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तिगत माहिती नाकारण्याची सवलत आता अधिक रुंद केली आहे, त्यामुळे माणसांची नावे मागण्यापेक्षा पदे, संख्या आणि अटी मागितलेल्या बऱ्या. नाहीतर ज्या खासगीपणासाठी आपण भांडतो, त्याचीच ढाल करून फाइल झाकली जाईल.

नगरसेवकांना एक शेवटचे सांगणे. असा विषय ऐनवेळी आला तर परिशिष्टासह मसुदा मागा आणि विषय पुढच्या सभेवर ढकलायची सूचना मांडा. बहुमताने रेटलाच, तर आपला विरोध कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो जसाच्या तसा उतरला आहे का, ते तपासा. ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार 1965च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथे अर्ज करायचा म्हटले तरी हाताशी लागते ती हीच नोंद. सभागृहात नुसत्या केलेल्या आरडाओरडीची दखल कोणत्याच फाइलीत राहत नाही.