घरची मोटार, अ‍ॅल्युमिनियमचा जोड आणि रात्रीचा ताप

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. २०२१ साली याच गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. जानेवारी २०२२ मध्ये आनंद महिंद्र यांच्याकडून तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो मिळाली, हे वाचकांना आठवत असेल. अशी हौस आपल्या सातारा-सांगलीकडे पुष्कळांना असते आणि ती कौतुकाचीच आहे. मात्र ती कधीकधी दवाखान्यात कशी येते, ते आज पाहू.

एका रविवारी रात्री एका तरुणाला त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले. हुडहुडी भरलेली, अंगात १०२ ताप, सर्वांग ठणकत होते, छाती आवळल्यासारखी वाटत होती. वडिलांना हिवतापाची शंका. मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, तोंडाला गोडसर, पत्र्यासारखी चव येतेय.’’ या एका वाक्याने मी थबकलो. दिवसभर काय केले, असे विचारले. घरी जुळवत असलेल्या गाडीसाठी तो बंद शेडमध्ये दुपारभर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जोडत बसला होता.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. बघता बघता खाली ओघळते. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो २००० अंशांनंतरही टिकतो. म्हणून हौशी मंडळी कमी उष्णतेच्या ब्रेझिंगच्या कांड्या वापरतात. यातल्या बऱ्याच कांड्या मुख्यतः जस्ताच्या असतात आणि साधारण ४०० अंशांच्या आसपास वितळतात. रीत अशी की, जागा स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशने घासायची, ज्योत पत्र्याला द्यायची आणि तापलेल्या पत्र्यावर कांडी घासायची. पत्र्याच्या उष्णतेनेच कांडी वितळली पाहिजे.

नवशिका घाई करतो आणि ज्योत थेट कांडीवर धरतो. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि बत्तीची ज्योत त्याहून कितीतरी प्रखर असते. मग पांढरा धूर उठतो. तो श्वासावाटे आत गेला की चार ते दहा तासांनी थंडी-ताप येतो. यालाच धातूच्या धुराचा ताप म्हणतात. कारखान्यांत त्याला ‘सोमवारचा ताप’ असेही नाव आहे, कारण आठवडाभरात शरीराला होणारी सवय सुटीत मोडते. फक्त रविवारीच काम करणाऱ्या हौशी माणसाला तर ती सवय कधी होतच नाही!

हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल एवढे पुरते. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आमचा तरुण मंगळवारी ठणठणीत होता.

पण येथेच फसगत होते. काही जुन्या किंवा बिननावाच्या कांड्यांत कॅडमियम असते. त्याच्या धुराने सुरुवातीला नुसता घसा खवखवतो, ताप येतो. सारे अगदी जस्तासारखेच. नंतर मात्र फुप्फुसांना सूज येते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून धाप लागली, खोकला वाढला किंवा ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयात जावे आणि कांडीचे वेष्टन बरोबर न्यावे. वेष्टनच नसलेली कांडी विकत घेऊ नये. फ्लक्स भरलेल्या कांड्यांत बहुधा फ्लोराइड असते. तो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

‘‘गूळ खाल्ला की धूर बाधत नाही,’’ असे वेल्डिंगवाले सांगतात. सांगलीच्या गुळाबद्दल मला आदर आहे, पण गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. दूध-केळ्याचेही तेच. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे बारीक कण सहज आत जातात. काम उघड्यावर करावे, वारा बाजूने घ्यावा, धुरासाठीचा घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क वापरावा.

अशा जोडावर झाकण, पत्रा, फार तर एखादी पट्टी सोपवावी. स्टिअरिंग, ब्रेक, चाकाचा आधार यांवर हा जोड कदापि नको. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीजवळ तर बत्ती नेऊच नये. टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा घातक असते. भंगारातले काही हलके भाग मॅग्नेशियमचेही निघतात. खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे उठले, तर तो भाग बाजूला ठेवावा. मॅग्नेशियम पेटले तर पाणी मारू नये, त्याने आग भडकते. कोरडी वाळू टाकावी आणि ती बादली काम सुरू करण्याआधीच शेजारी आणून ठेवावी.