पेंग्विनच्या मेलेल्या पिल्लाचं आतडं कसं तपासावं

दक्षिण आफ्रिकेत अल्गोआ उपसागरातल्या सेंट क्रॉई बेटावर आफ्रिकन पेंग्विनची पिल्लं जंतांनी दगावल्याची नोंद १९८३ साली छापून आली. जंत होता कार्डिओसेफॅलॉइडिस फिझॅलिस, एक इवलासा पर्णकृमी. आईबाप गिळलेला मासा पिल्लाच्या चोचीत ओततात, तेव्हा माशात दडलेली त्याची अळीही पोटात जाते. मेलेलं पिल्लू सापडल्यावर पशुवैद्यकाने करायची ही कृती आहे. हौशी माणसाने त्याला हातही लावू नये, कारण तिथल्या वसाहतींत बर्ड फ्लू येऊन गेला आहे.

आधी परवाना, मग घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब. फ्लू नसल्याचा अहवाल येईपर्यंत पिल्लू फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठवू नका. गोठलं की पेशी फुटतात आणि रोगाने काय केलं, बर्फाने काय, हे ओळखू येत नाही.

हातमोजे, मास्क, चष्मा चढवून वजन घ्या. छातीचं हाड बोटाला धारदार लागतं का, कातडीखाली चरबी आहे का, हे लिहून ठेवा. निदान बऱ्याचदा यावरच ठरतं.

पोट उघडल्यावर आतड्याची दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा. मधेही दोन-तीन गाठी मारा, म्हणजे कुठला जंत कुठे होता ते कळेल. घाईत हीच पायरी गाळली जाते.

आतडं धुण्याआधी प्रत्येक भागातला एक छोटा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं. उरलेलं आतडं लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलेल्या द्रावणात उभं चिरा, अस्तर हलकेच खरवडा. गाळ बसू द्या, वरचं गढूळ पाणी ओतून टाका, पुन्हा द्रावण भरा. तांदूळ धुताना करतो तसंच, पाणी नितळ होईपर्यंत.

आता गाळ सूक्ष्मदर्शकाखाली. पर्णकृमी अस्तर घट्ट धरून बसतो, त्याला सुईने सोडवा. पट्टकृमी कधीच ओढू नका. डोकं आतच तुटलं तर जात ओळखता येत नाही. काटेरी सोंडेचा कृमी साध्या पाण्यात, फ्रिजमध्ये काही तास ठेवा, म्हणजे आत ओढलेली सोंड बाहेर येते. गोलकृमी गरम अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात. डीएनएसाठी काही जंत ९६ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा.

जिवंत पिल्लांची विष्ठा तपासायची असेल, तर दाट मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवण्याची नेहमीची रीत इथे फसते. पर्णकृमीची अंडी जड असतात. ती गाळातच शोधा.

शेवटी निदान. जंत सापडले एवढ्यावरून जंतांनीच मारलं, असं लिहू नका. अस्तर रक्ताळलेलं आणि त्याच जागी जंतांची दाटी असेल, तरच त्यांच्यावर बोट ठेवा. अस्तर निरोगी, जंत मोजके आणि छातीवर मांस नाही, तर पिल्लू बहुधा उपाशी मेलं. सार्डिन आणि अँकोव्ही घटलेल्या या समुद्रात ते नवल नाही. २०२४ पासून आफ्रिकन पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत आहे.