आनुवंशिक कावीळ आणि बालकाचा मेंदू

नवजात बालकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी कावीळ आपल्या परिचयाची आहे. बहुतेक बालकांत ती एक-दोन आठवड्यांत ओसरते. फारच थोड्या बालकांत मात्र ती ओसरतच नाही. १९५२ साली अमेरिकेतील जॉन क्रिग्लर व व्हिक्टर नज्जर या डॉक्टरांनी परस्परांशी नाते असलेल्या कुटुंबांतील अशा बालकांचे वर्णन केले. त्यांपैकी बहुतेक शैशवातच दगावली होती. या आजारास आज क्रिग्लर-नज्जर विकार असे म्हणतात.

जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. यकृतातील एक विकर त्याला विरघळण्याजोगे रूप देते आणि मग ते पित्तावाटे बाहेर पडते. या विकारात त्या विकराचे जनुक सदोष असते. एरवी यकृत निरोगी असते, हे ध्यानात ठेवावे. कावीळ म्हणजे यकृताचा बिघाड, हा आपला नेहमीचा समज येथे अपुरा ठरतो. हानी होते ती मेंदूची. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन बिलिरुबिनला धरून ठेवते. त्याची क्षमता संपली, की मोकळे बिलिरुबिन मेंदूत शिरते.

तेथे ते सर्वत्र सारखी हानी करीत नाही. हालचालींचे नियमन करणारे मेंदूतील खोलवरचे गाभे आणि श्रवणमार्गावरील केंद्रे यांवर त्याचा आघात होतो. या अवस्थेला कर्निक्टेरस म्हणतात. जर्मन भाषेत ‘कर्न’ म्हणजे गाभा. असे मूल वेळेवर मान धरत नाही. पुढे त्याचे हातपाय आपोआप पिळवटतात, नजर वर वळत नाही, उच्चार स्पष्ट होत नाहीत. कान शाबूत असूनही ध्वनीचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. विचार करणारा मेंदूचा बाह्य थर मात्र पुष्कळदा बचावतो. म्हणजे मुलाला समजते, पण ते सांगता येत नाही. अशा मुलाला ‘मतिमंद’ ठरवून शिक्षणापासून दूर ठेवणे हा त्याच्यावर दुसरा आघात होय.

उपाय आहे तो प्रकाशाचा. निळ्या प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनची रचना बदलते आणि ते विकराच्या साहाय्याशिवाय बाहेर पडू शकते. तीव्र प्रकारात रोज दहा-बारा तास, बहुधा रात्रभर, मुलाला उघड्या अंगाने दिव्यांखाली झोपावे लागते, तेही वर्षानुवर्षे. वय वाढते तशी त्वचा जाड होते, वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग कमी पडतो आणि प्रकाश अपुरा ठरू लागतो. साधा ताप किंवा उपासमारही अशा वेळी बिलिरुबिन एकाएकी वाढवू शकते. म्हणून मेंदूला इजा होण्यापूर्वीच यकृतरोपणाचा विचार केला जातो. झालेली इजा रोपणाने भरून येत नाही. सौम्य प्रकारात फेनोबार्बिटल या औषधाने बिलिरुबिन बरेच उतरते. (गळ्यात माळ घालून कावीळ उतरविण्याची आपल्याकडील प्रथा येथे केवळ मोलाचा वेळ दवडते.)

हा दोष अप्रभावी जनुकाचा आहे. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः निरोगी दिसतात. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत दोघांकडे तोच दोष असण्याचा संभव वाढतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : यकृत निरोगी असूनही या विकारात यकृतरोपण का करावे लागते, ते आपल्या शब्दांत लिहा.