प्रभूमध्यें निजलेल्यांची आठवण

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 9:36-42, 1 थेस्सलनीकाकरांस 4:13-18.

भाद्रपदाच्या वद्य पक्षांत गांवांत घरोघर पितरांसाठीं पानें वाढलीं जातात. ख्रिस्ती घरांतील चूल मात्र नेहमींसारखीच पेटते. तें पाहून शेजारी विचारतात, “तुम्हांला तुमचीं माणसें आठवत नाहींत काय?” प्रश्न दुष्टबुद्धीचा नसतो. आमचे पुष्कळ बंधु एवढेंच सांगतात, कीं आम्ही पितरांस जेवूं घालीत नाहीं. पण काय करीत नाहीं हें सांगितल्यानें काय करतों याचें उत्तर होत नाहीं.

यापो येथील माडीकडे पाहा. टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली होती. पेत्र आला तेव्हां विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि दुर्कशीनें केलेले अंगरखे व वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. तिच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रांत नोंदलेला नाहीं. नोंदलें आहे तें तिच्या हातचें काम. पेत्रानें त्या बायांस बाहेर पाठविलें तें प्रार्थनेसाठीं, रडल्याबद्दल बोल लावण्यासाठीं नव्हे. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, पति जाऊन तीन दिवसही झाले नाहींत तोंच ‘विश्वासणारी असून रडतेस काय?’ असें विधवेस विचारणारे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत. हा उपदेश नव्हे, क्रूरपणा आहे. पौलानें दुःख करण्यास मना केली नाहीं. आशा नसलेल्यांप्रमाणें दुःख करण्यास केली. लाजाराला उठवावयाचें हें ठाऊक असूनही प्रभु त्याच्या कबरेकडे जातांना रडला.

मृतांसाठीं आम्ही प्रार्थना करीत नाहीं, कारण ते ज्याच्या हातीं आहेत त्याचें काम अपुरें नाहीं. आम्ही त्यांच्याबद्दल उपकारस्तुति करतों. पण उपकारस्तुति खरी असावी. पुण्यतिथीच्या उपासनेंत गेलेल्या प्रत्येकास संत ठरविण्याची रीत आम्हांस पसंत नाहीं. जो तो उठून गोड बोलतो, आणि घरचीं मुलें खालीं मान घालून ऐकतात, कारण त्यांना आपला बाप ठाऊक असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 सालीं निवर्तले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत टिळकांचा संताप आहे, विसराळूपणा आहे, घरांत पैसा न टिकूं देणारें औदार्यही आहे. बाईंनीं कांहीं झांकलें नाहीं, आणि म्हणूनच त्यांचें प्रेम वाचकास खरें वाटतें. दाविदाविषयीं शास्त्रानें तरी कोठें लपविलें आहे?

वर्गांत विचारावें : आपल्या मंडळींतील निजलेल्या कोणत्या भावाच्या किंवा बहिणीच्या हातचें काम अजून वापरांत आहे? गोधडी असो, विहिरीचा कांठ असो, कोणास शिकविलेलीं अक्षरें असोत. आणतां येईल तें पुढील रविवारीं उपासनेस घेऊन यावें, आणि तें कोणी केलें हें लहान मुलांस नांव घेऊन सांगावें.